खंडेनवमीआधी गंज काढताना

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. त्यासाठी हत्यारे बाहेर निघतात, तेव्हा पावसाळ्याने कोकणातल्या घराघरांत काय केले ते कळते. मृगापासून हस्तापर्यंत जिन्याखाली नाहीतर पडवीत पडून राहिलेला पाना, कानस, कोयता, जुन्या पेटीचा कडी-कोयंडा, अडगळीतली विळी, सगळ्यांवर तांबूस पापुद्रा चढलेला असतो. पनवेलमध्ये तर हे ठरलेलेच. गाव गाढी नदीकाठचे, शेजारी खाडी, पलीकडे उरण-पेणची मिठागरे, आणि वर रायगड जिल्ह्याचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस. लोखंडाला याहून वाईट शेजार मिळणे कठीण.

खरे तर पनवेलचा लोखंडाशी संबंध जुना आहे. बैलगाडीची चाके करणारे गाव म्हणून त्याची एकेकाळी ओळख होती. लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवायची आणि पाणी ओतून आवळायची, हे काम इथल्या कारागिरांच्या हातात होते. आज याच तालुक्यात कळंबोलीचा लोखंड बाजार आहे. तिथे उघड्यावर रचलेल्या सळया आणि पत्रे पहिल्या पावसातच रंग बदलताना दिसतात.

गंज धरायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. ओल्या पृष्ठभागावर एका ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच वाहत दुसऱ्या ठिकाणी पोचतात आणि तिथे प्राणवायू ते घेतो. म्हणजे गंजणारा प्रत्येक खिळा हा एक लहानसा विद्युतघट असतो. पाण्यात मीठ असले की वीज सहज वाहते आणि हा घट जोरात चालतो. खारा वारा लोखंडाला खातो तो असा. त्यासाठी पाण्याचा थेंब डोळ्यांना दिसायलाही नको. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की धातूवर पाण्याचा अदृश्य थर धरतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. आपल्याकडे पावसाळाभर आर्द्रता त्याच्या बरीच वर असते. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो फुगतो, सुटतो आणि खालचे ताजे लोखंड उघडे पडते. ॲल्युमिनियमवर चढणारा ऑक्साइडचा थर खालच्या धातूला झाकून ठेवतो. साध्या लोखंडाचा गंज असा झाकत नाही, म्हणून तो थांबतही नाही.

हा गंज घरच्या घरी काढायचे साधन म्हणजे व्हिनेगर. किराणा दुकानात मिळणारे पांढरे, सर्वांत स्वस्त, ‘सिंथेटिक’ लिहिलेले व्हिनेगर या कामाला उत्तम. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे त्यात ॲसेटिक ॲसिड किमान ३.७५ टक्के असावे लागते. बहुतेक बाटल्यांत चार टक्क्यांच्या आसपास असते. गोव्यात माडाच्या ताडीपासून होणारे व्हिनेगर किंवा सफरचंदाचे व्हिनेगरही गंज काढील, पण ते स्वयंपाकासाठी राखावे.

व्हिनेगरमधले हे आम्ल गंजातल्या ऑक्साइडशी भिडते. लोखंड ॲसिटेटच्या रूपाने पाण्यात उतरते आणि द्रव हळूहळू तपकिरी, मग चहासारखा गडद होतो. कागदावरचा हिशेब केला तर एक लिटर व्हिनेगरमधले ४० ग्रॅम ॲसिड फार तर २० ग्रॅम गंज विरघळवू शकते. प्रत्यक्षात त्याहून कमी. तरीही मोठमोठे भाग स्वच्छ निघतात, कारण सगळा गंज विरघळावा लागतच नाही. आम्ल पापुद्र्यांच्या फटींतून आत जाते, त्यांची लोखंडावरची पकड सोडवते आणि पुढचे काम ब्रश करतो. एकाच बाटलीत आठवडाभर सगळ्या घराचा गंज काढू पाहणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. गडद झालेले व्हिनेगर थकलेले असते.

आंबट द्रव आणि लोखंड ही जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात लोहाचे सामान्य शोधन, म्हणजे शुद्धीकरण, सांगितले आहे. त्यात धातू लालभडक तापवून तिळाचे तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत क्रमाने सात-सात वेळा विझवतात. यातले ताक आणि कांजी सरळसरळ आम्लधर्मी आहेत. त्याच शास्त्रात मंडूर येते, म्हणजे जुने लोहकिट्ट, लोखंडाचा मळ. जितके जुने तितके चांगले, शंभर वर्षांपलीकडचे उत्तम, असे मानले गेले आणि पांडुरोगावरच्या औषधांत त्याला मानाची जागा मिळाली. श्री धूतपापेश्वर ही १८७२ साली पनवेलमध्ये सुरू झालेली आयुर्वेदिक औषधांची संस्था. लोहभस्म आणि मंडूरभस्म ही नावे या गावाला त्यामुळे परकी नाहीत. शोधनाचे आणि भस्म करण्याचे ते काम जाणत्या वैद्यांचे आहे, घरच्या गंजाचा औषधाशी काही संबंध जोडू नये. पण आम्लाने लोखंडाशी काय करावे याचा विचार इथे पूर्वीपासून झाला आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

काम सुरू करण्याआधी भाग साबणाच्या पाण्याने घासून तेल-ग्रीस काढून टाकावे. ग्रीसखाली आम्ल पोचत नाही आणि नेमका तिथेच गंजाचा डाग शिल्लक राहतो. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने आधीच उडवावेत. भांडे प्लास्टिकचे किंवा काचेचे घ्यावे. ॲल्युमिनियमचे पातेले घेतले तर आम्ल त्यालाही खाईल. भाग पूर्ण बुडाला पाहिजे. अर्धा वर राहिला तर व्हिनेगर आणि हवा जिथे भेटतात त्या रेषेवर लोखंड खोल खाल्ले जाते. करवतीसारखी लांब वस्तू असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी बांधावी. झाकण घट्ट लावू नये, कारण उघड्या लोखंडावर आम्लाची क्रिया होऊन हायड्रोजनचे बुडबुडे निघत राहतात. उघडी खिडकी आणि हातमोजे हवेतच.

हलका गंज काही तासांत सुटतो. जाड गंजाला रात्र, कधी पूर्ण दिवस लागतो. मधूनमधून काढून ब्रश मारावा आणि पुन्हा बुडवावे. ऊब असेल तर काम लवकर होते, म्हणून पाऊस उघडल्यावरच्या उन्हात गच्चीवर ठेवलेले भांडे स्वयंपाकघरातल्या भांड्यापेक्षा झपाट्याने काम करते. विस्तवावर मात्र ठेवू नये. वाफा डोळ्यांना आणि घशाला झोंबतात. गंज गेल्यावर काळसर थर हाताला लागतो, तो ब्रशने निघतो. विसरून चार दिवस ठेवलेला भाग मात्र खडबडीत निघतो, कारण गंज संपला की आम्ल खालच्या लोखंडाकडे वळते.

हे सगळे घरात शहाबादी किंवा कोटा फरशीवर करू नये. दोन्ही चुनखडीचे दगड. व्हिनेगरचा एक ओघळ पडला तरी फेस येतो, चकाकी जाते आणि पांढरट डाग कायमचा राहतो. संगमरवराचेही तेच. ब्लीचिंग पावडर किंवा तसला जंतुनाशक द्रव जवळपासही नसावा, कारण तो व्हिनेगरमध्ये मिसळला तर क्लोरीन वायू सुटतो.

काही वस्तू या भांड्यात जाऊच नयेत. जी.आय.चा पाइप किंवा बादली बुडवली तर गंजाआधी जस्ताचा मुलामा विरघळेल आणि मग ती वस्तू आणखी वेगाने गंजेल. क्रोमचा मुलामा सुटू लागलेल्या सायकलच्या हँडलचेही तसेच. स्प्रिंग आणि कडक पाणी दिलेले पोलाद यांबाबत जास्त सावध राहावे. आम्लातून सुटलेला हायड्रोजन अशा पोलादात शिरून त्याला ठिसूळ करू शकतो, आणि ताण पडला की ते अचानक तुटते. गाडीच्या ब्रेकचा किंवा वजन पेलणारा कुठलाही भाग घरच्या व्हिनेगरवर सोपवू नये. आणि वाड्यातली जुनी तलवार, कुणाच्या शेतात सापडलेला तोफगोळा असल्या वस्तूंना हात लावू नये. त्यांच्या गंजाच्या थरातच कधी कधी मूळ आकार जपलेला असतो, म्हणून त्या वस्तूसंग्रहालयातल्या जाणकारांनाच दाखवाव्यात.

व्हिनेगरबद्दल बोलताना लोक गंज सुटल्यावर थांबतात. मला वाटते, खारट-दमट गावात खरे काम तिथून पुढे सुरू होते. आम्लाने नागवे केलेले लोखंड पनवेलच्या हवेत डोळ्यांदेखत पिवळे पडू लागते, त्याला अर्धा तासही पुरतो. म्हणून भाग बाहेर काढण्याआधी पुढची तयारी हाताशी हवी. एका भांड्यात लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा आणि दुसऱ्यात स्वच्छ पाणी ठेवावे. सोड्याच्या पाण्यात काही मिनिटे ठेवले की खाचांत दडलेले आम्ल मरते. खाडीकाठी अनेक पावसाळे काढलेला भाग असेल तर पुढे स्वच्छ पाणी दोन-तीन वेळा बदलून त्यात बुडवून ठेवावा. गंजाच्या खड्ड्यांत मिठातले क्लोराइड खोल बसलेले असते आणि ते निघाले नाही तर तेलाखालीसुद्धा गंज पुन्हा डोके काढतो. व्हिनेगरमध्ये मूठभर मीठ टाकण्याचा सल्ला याच कारणासाठी मला इथे पटत नाही. मिठाने काम वेगाने होते हे खरे, पण ज्या शत्रूला बाहेर काढायचे त्यालाच आपण आत घालतो.

मग लगेच पुसावे आणि वाळवावे. उन्हाचा भरवसा नसेल तर हेअर ड्रायर किंवा नुकत्याच बंद केलेल्या शेगडीचा गरम तवा चालतो. भाग हाताला कोमट असतानाच तेल लावावे, म्हणजे ते बारीक छिद्रांत उतरते. हत्यारांना मशीनचे तेल, नट-बोल्टला ग्रीस, गेटच्या बिजागरीला रेड ऑक्साइड आणि वर रंग. विळीसारख्या स्वयंपाकाच्या वस्तूला खोबरेल पुरते, पण ते दर काही दिवसांनी पुन्हा लावावे लागते. घावनांच्या बिडाच्या तव्यासाठी व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी घालावे आणि तवा तासा-अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नये. नंतर तेलाचा अगदी पातळ हात देऊन तो चांगला तापवावा, असे तीन-चार वेळा. तापलेले तेल घट्ट होऊन काळा, गुळगुळीत थर धरते आणि तोच पुढे तव्याला जपतो.

व्हिनेगरला पर्याय आहेत. लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लोखंडाच्या अणूला चिमट्यात पकडल्यासारखे धरून ठेवते, म्हणून गंजावर ते व्हिनेगरपेक्षा सरस ठरते आणि वासही येत नाही. फॉस्फोरिक ॲसिडची तयार द्रावणे लोखंडावर फॉस्फेटचा थर मागे ठेवतात. अशा थराचे उदाहरण दिल्लीत आहे: मेहरौलीला गुप्तकाळातला, सोळाशे वर्षांचा लोहस्तंभ उभा आहे. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमणियम यांनी त्याचा अभ्यास केला आणि त्या लोखंडातला जास्तीचा फॉस्फरस व त्यातून पृष्ठभागावर तयार झालेला फॉस्फेटचा थर यांवर बोट ठेवले. दिल्लीची कोरडी हवाही त्याच्या मदतीला आहे. संडास धुवायच्या ॲसिडने गंज उतरवणारेही पुष्कळ आहेत. कारखान्यांत पोलाद हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाक्यांत धुतात हे खरे, पण तिथे वाफा ओढून घेण्याची सोय असते. घरात ते करू नये. त्या वाफांनी खोलीतले बाकीचे लोखंडही गंजते आणि फुप्फुसांना अपाय होतो तो वेगळाच.

उरलेल्या तपकिरी पाण्यात सोडा घालून फेस थांबला की ते भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडता येते. सोडा घालण्याआधी त्यातले थोडे मात्र गाळून बाजूला ठेवा. लोखंड ॲसिटेट टॅनिनला भेटले की काळा रंग होतो. कलमकारी आणि अजरखचे छापकार लोखंडाचे तुकडे आणि गूळ आंबवून त्यांचा काळा रंग करतात, त्यामागे हेच रसायन आहे. बाभूळ आणि साग या लाकडांत टॅनिन असते. पटाशीची किंवा हातोडीची जुनी मूठ पॉलिश पेपरने घासून, वर कडक काळ्या चहाचा एक हात द्यावा. तो वाळल्यावर हे गाळलेले पाणी फडक्याने लावले की लाकूड बघता बघता राखाडी, मग काळे होते. आधी त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर करून बघावे, कारण प्रत्येक लाकडाचा काळा वेगळा येतो. दोन हात लागले तर मधे पूर्ण वाळू द्यावे आणि शेवटी जवसाचे तेल चोळावे.