संवादचौकट

संवादचौकट : संगणकाच्या पडद्यावर मुख्य खिडकीच्या पुढे उघडणारी आणि वापरणाऱ्याकडून माहिती, निवड अथवा संमती मागणारी लहान खिडकी. व्यवहारात ती ‘डायलॉग बॉक्स’ या नावाने ओळखली जाते. मथळ्याची पट्टी, लेबले, लिहिण्याचे रकाने, याद्या आणि बटने हे तिचे प्रमुख घटक होत. या घटकांचे आकारमान व परस्परस्थान ठरविणे म्हणजे मांडणी. मांडणी चुकल्यास मजकूर कापला जातो, घटक एकमेकांवर चढतात किंवा बटने पडद्याबाहेर जातात. देवनागरी मजकुराच्या बाबतीत हा दोष केवळ दिसण्याचा राहत नाही; त्यामुळे शब्द व प्रसंगी वाक्याचा अर्थही बदलतो.

स्थिर मांडणी : १९८४ मध्ये बाजारात आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाचा पडदा ५१२ × ३४२ बिंदूंचा होता. पडदा व अक्षरे ठरलेली असल्यामुळे प्रत्येक घटकाचे स्थान बिंदूंच्या आकड्यांनी आधीच लिहून ठेवणे शक्य होते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत (पहिली आवृत्ती १९८५) बिंदूंऐवजी संवादचौकटीसाठी वेगळे एकक योजण्यात आले. या एककाची रुंदी म्हणजे चौकटीच्या फाँटमधील अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा भाग आणि उंची म्हणजे अक्षराच्या उंचीचा आठवा भाग. उदा., ९६ बिंदू प्रति इंच या मापाच्या पडद्यावर नेहमीच्या ८ पाँइट फाँटची सरासरी रुंदी ६ बिंदू व उंची १३ बिंदू धरल्यास, ५० × १४ एककांचे बटन सु. ७५ × २३ बिंदूंचे होते. फाँट मोठा केल्यास चौकटही त्याच प्रमाणात वाढते, हा या पद्धतीचा लाभ. परंतु सरासरी रुंदी काढण्याची रूढ रीत रोमन लिपीच्या लहान-मोठ्या मिळून ५२ अक्षरांवर आधारलेली आहे. देवनागरी मजकूर किती जागा व्यापील, हे त्या सरासरीवरून कळत नाही.

देवनागरीची उंची : देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार आणि अक्षराच्या खाली उकार येतात. त्यामुळे तिच्या ओळीला वर व खाली अधिक जागा लागते. पुष्कळदा चौकटीसाठी निवडलेल्या रोमन फाँटमध्ये देवनागरी अक्षरे नसतात. अशा वेळी प्रणाली दुसरा फाँट आपोआप योजते. विंडोजवर दीर्घकाळ ही जागा ‘मंगल’ या फाँटने भरून काढली. तो प्रसिद्ध सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखिला. चौकटीचे माप मूळ फाँटवरून घेतलेले आणि अक्षरे मात्र दुसऱ्या, अधिक उंच फाँटमधील, अशी विसंगती निर्माण झाल्यास लेबलाच्या कडेला मजकूर कापला जातो.

मुंबईच्या उपनगरांतील स्थानकांच्या नावांवरून हा दोष चांगला समजतो. वरची कड कापली गेल्यास ‘गोरेगाव’ हे नाव ‘गारगाव’ असे दिसते व ‘कुर्ला’ या नावाचा रफार नाहीसा होतो. खालची कड कापली गेल्यास ‘मुलुंड’ हे ‘मलंड’ होते. गोरेगावच्या पुढचेच स्थानक असलेल्या ‘मालाड’ या नावात मात्र शिरोरेषेच्या वर वा अक्षराच्या खाली काहीही नाही. म्हणून ‘मालाड’ लिहून तपासलेली चौकट निर्दोष वाटते आणि तीच चौकट ‘गोरेगाव’ लिहिताच सदोष ठरते.

मजकुराची लांबी : देवनागरीत मजकुराची रुंदी संकेतांकांची संख्या मोजून ठरविता येत नाही. युनिकोड पद्धतीत ‘गोरेगाव’ या शब्दाला सात संकेतांक लागतात, पण पडद्यावर चारच अक्षरे दिसतात. ‘कुर्ला’ या शब्दाचे संकेतांक सहा, अक्षरे दोन. म्हणून जोडाक्षरांसह मजकूर प्रत्यक्ष जुळविल्यानंतरच त्याची रुंदी मोजावी लागते. शिवाय भाषांतराने लांबी बदलते. इंग्रजीतील ‘ओके’साठी राखलेल्या बटनात ‘ठीक आहे’ मावेलच असे नाही.

मराठी वाक्यरचनेमुळे या प्रश्नाला विशेष महत्त्व येते. मराठीत क्रियापद व नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. ‘पुसलेली नोंद परत मिळणार नाही’ ही सूचना उजवीकडे कापली गेल्यास ‘पुसलेली नोंद परत मिळणार’ एवढेच उरते. वाचणारा त्यावर विसंबून बटन दाबतो आणि नोंद कायमची गमावतो. इंग्रजीत नकार सामान्यतः क्रियापदाच्या आधी येत असल्यामुळे तेथे असा विपर्यास तुलनेने कमी संभवतो.

गणित मांडणी : वरील अडचणींवर उपाय म्हणजे मापे आधी न लिहिता मजकुरावरून काढणे. जावा (१९९६), क्यूटी (१९९५) इ. साधनांत यासाठी मांडणी-व्यवस्थापक असतात. त्यांचे काम दोन टप्प्यांत चालते. प्रथम प्रत्येक घटक आपले किमान व इष्ट माप वर कळवितो व त्यांच्या बेरजेवरून चौकटीचे माप ठरते. नंतर उपलब्ध जागा वरून खाली वाटली जाते. उरलेली जागा कोणी किती घ्यायची हे ताणाच्या प्रमाणावरून ठरते. अनेक ओळींत मोडणाऱ्या लेबलाची उंची त्याच्या रुंदीवर अवलंबून असते. म्हणून आधी रुंदी व मग उंची, असा क्रम पाळावा लागतो. ॲपलने २०११ मध्ये घटकांमधील संबंध समीकरणांच्या रूपाने सांगण्याची पद्धती आपल्या संगणकांवर आणली.

दोषनिदान : मजकूर कोठे कापला जातो, यावरून बहुधा कारण ओळखता येते. वर किंवा खाली कापला जात असल्यास पर्यायी फाँट योजला गेला आहे काय, हे प्रथम पाहावे. उपाय म्हणून देवनागरी अक्षरे असलेला फाँट स्पष्टपणे नेमून उंची त्यावरून घ्यावी. उजवीकडे कापला जात असल्यास रुंदीचा ठरीव आकडा काढून टाकावा किंवा ओळ मोडू द्यावी. खालच्या बटनांचा काही भागच दिसत असल्यास खिडकीचे बाहेरील माप आतील माप समजून वापरलेले असते. मथळ्याच्या पट्टीची उंची त्यातून वजा होते. चौकट अगदी लहान उघडत असल्यास घटक बसविण्यापूर्वीच माप काढलेले असते. एका संगणकावर नीट दिसणारी चौकट दुसऱ्यावर बिघडत असल्यास पडद्याचे प्रमाण १०० टक्क्यांऐवजी १२५ किंवा १५० टक्के आहे काय, हे तपासावे. १,३६६ × ७६८ बिंदूंच्या पडद्यावर १५० टक्के प्रमाण ठेवल्यास उपयोगी उंची ५१२ एककेच उरते. अशा वेळी मजकुराचा भाग सरकता ठेवून बटने त्याबाहेर स्थिर ठेवणे योग्य असते.

चाचणी : मराठी संवादचौकट तपासताना वर व खाली दोन्हीकडे चिन्हे असलेले शब्द, नकाराने संपणारी सर्वांत लांब सूचना आणि पडद्याची निरनिराळी प्रमाणे या तिन्हींचा उपयोग करावा. इंग्रजीत तयार झालेल्या चौकटीत केवळ शब्द बदलून ही तपासणी पुरी होत नाही. मराठी मजकूर मांडणीच्या प्रारंभापासून मोजमापात धरला गेला, तरच चौकटीने विचारलेला प्रश्न वाचणाऱ्यापर्यंत पूर्ण पोहोचतो.