नॉस्टॅल्जिया म्हणजे काय गं?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुना अल्बम निघाला. फोटो पाहता पाहता लेक म्हणाली, "किती नॉस्टॅल्जिक वाटतंय ना!" शेजारी बसलेल्या आजीने विचारले, "म्हणजे काय गं?" लेक अडखळली. "म्हणजे... जुनं आठवून छान वाटणं."

हा शब्द मोठा मजेशीर आहे. घडण ग्रीक, पण प्राचीन ग्रीकांना तो ठाऊक नव्हता. १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी तो तयार केला. 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणे आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. घरापासून दूर गेलेली माणसे उदास होतात, त्यांची झोप उडते, अन्नावरची वासना जाते. होफरच्या मते हा चक्क आजार होता. खरे औषध एकच, रुग्णाला घरी पाठवणे! बर्नहून बाझेलला शिकायला आलेला एक तरुण असाच खंगला होता. त्याला घरी न्यायला निघाले, तर वाटेतच त्याला बरे वाटू लागले, अशी नोंद होफरने केली आहे.

पुढे हा शब्द वैद्यकातून रोजच्या बोलण्यात आला. दूर राहिलेल्या घराच्या जागी सरलेला काळ आला. मराठीत आपण त्याला 'स्मरणरंजन' म्हणतो. शब्द गोड आहे, पण त्यात रंजन आहे, वेदना नाही. होफरला जे म्हणायचे होते, त्याच्या जवळ जाते ती आपली 'हुरहूर'.

हे ऐकून आजी हसली. "मग हा आजार मला झाला होता की! लग्न होऊन अमळनेरहून सुरतेत आले तेव्हा. भुसावळकडे जाणारी गाडी दिसली की डोळे भरून यायचे. तापीकाठी गेले की वाटायचं, हे पाणी आपल्या खानदेशातूनच आलंय."

"पण आजी, माझं घर तर सुरतच आहे," लेक म्हणाली.

"हो ना. उद्या शिकायला लांब गेलीस, की तुला उत्तरायणाची गच्ची आठवेल, लोचो आठवेल. तेव्हा मला फोन कर. औषध मला माहीत आहे."

मुलांनो, तुमच्या घरातही अशी हुरहूर कुणीतरी जपलेली असेल. या सुट्टीत आजी-आजोबांना एवढेच विचारा : सुरतेला येताना तुम्ही कोणत्या स्टेशनवरून गाडीत बसलात?