बदल बरोबर, घाई नडली

बदलाचे कारभारी : भाग ६

मागच्या आठवड्यात मार्टिन लूथरला आपण वार्टबुर्गच्या गढीत सोडलं होतं. १५२१ साली वर्म्सच्या सभेत त्याने माघार घ्यायला नकार दिला, सम्राटाने त्याला कायद्याबाहेरचा ठरवलं आणि सॅक्सनीच्या इलेक्टर फ्रेडरिकने त्याला गुपचूप तिथे लपवलं. दाढी वाढवून, सरदाराच्या वेषात तो नव्या कराराचं जर्मन भाषांतर करत होता. तेवढ्या काळात त्याच्या विटेनबर्ग शहरात त्याच्या माणसांनी चर्चमधले बदल हाती घेतले.

आघाडीवर होता आंद्रेआस कार्लश्टाट. लूथरला डॉक्टरेट देणारा, विद्यापीठातला ज्येष्ठ सहकारी. १५२१च्या नाताळात त्याने साध्या कपड्यांत प्रभुभोजनाचा विधी केला. आधी उपास नको, पापनिवेदन नको, भाकर लोकांनी आपल्या हाताने घ्यायची, प्यालाही घ्यायचा. एरवी भाकर धर्मगुरू थेट जिभेवर ठेवायचा आणि द्राक्षारस फक्त तोच प्यायचा. त्या दिवशी एका माणसाच्या थरथरत्या हातातून भाकर खाली पडली. कार्लश्टाट म्हणाला, उचल. पुढे येऊन हातात घेण्याइतकं धाडस त्याने केलं होतं, पण जमिनीवर पडलेल्या देवाच्या देहाला हात लावायची काही त्याची छाती होईना.

नवी पद्धत लागू झाल्याच्या पहिल्या दिवशी कुठल्याही कचेरीत असा एक माणूस असतोच. प्रशिक्षणाला तो हजर असतो, सही केलेली असते, मानही डोलावलेली असते. व्यवस्थापन त्याला ‘विरोधक’ म्हणून मोकळं होतं. खरं तर तो विरोधात नसतो, घाबरलेला असतो.

जानेवारी १५२२मध्ये नगरपरिषदेने कार्लश्टाटच्या पद्धतीवर शिक्कामोर्तब केलं. चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं काढायची, भीक मागणं बंद, गरिबांसाठी सामाईक निधी. मूर्ती रीतसर निघेपर्यंत लोकांना धीर नव्हता, तोडफोड झाली. तिकडे इलेक्टरच्या पोटात गोळा आला.

मार्चमध्ये लूथर जिवावर उदार होऊन, इलेक्टरची इच्छा नसताना परतला. दाढी काढली, डोक्यावरचं मठवासीयांचं मुंडण पुन्हा करून घेतलं, जुना झगा चढवला आणि ९ मार्चपासून सलग आठ दिवस प्रवचनं दिली. वेष बघूनच निम्मी मंडळी निवळली असावीत. मूर्ती हव्यातच, असं त्याचं म्हणणं नव्हतं. तुम्हाला पटलंय, पण शेजारच्याला अजून पटलेलं नाही. त्याच्या मनात शब्द उतरू द्या, सक्ती करू नका, असा त्याचा सूर होता. लहान मुलाला आधी दूध आणि मग जड अन्न, हा पौलाचा दाखला त्याने वापरला. कार्लश्टाटचं नाव मात्र घेतलं नाही. चारचौघांत सहकाऱ्याचा पाणउतारा करायचं टाळणं ही कारभाऱ्याची साधी शहाणीव, पण ती फार थोड्यांना साधते.

मग लॅटिन मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची जुनी उपासना, परत आली, धर्मगुरूंचे झगे परत आले. प्याला ज्याला हवा त्याला. पण मिस्सा म्हणजे देवाला दिलेला बळी, असं सांगणारे शब्द त्याने परत येऊ दिले नाहीत. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. जी जुनी गोष्ट माणसाला चुकीचं शिकवते ती काढायची. जी नुसतीच जुनी आहे तिला वेळ द्यायचा. आपल्याकडे बहुधा उलटं होतं. लेटरहेड आणि खुर्च्यांची मांडणी पहिल्या महिन्यात बदलते, बढतीचे निकष तसेच राहतात.

मधल्या वर्षांत तयारी झाली. सप्टेंबर १५२२मध्ये जर्मन नवा करार छापून आला, १५२४मध्ये गीतसंग्रह आले, म्हणजे लोकांच्या हातात वाचायला आणि तोंडात गायला काहीतरी आलं. त्यानंतर, १५२५च्या अखेरीस, विटेनबर्गमध्ये जर्मन उपासना सुरू झाली. तरीही १५२८मध्ये खेड्यांतल्या चर्चची पाहणी केली तेव्हा लूथर हादरला: लोकांना साधी प्रार्थना येत नव्हती, कित्येक पाद्रींनाही शिकवता येत नव्हतं. त्यातूनच पुढच्या वर्षी त्याची छोटी प्रश्नोत्तरी निघाली. पाहणी खरं तर आधी व्हायला हवी होती.

या गोष्टीतला कार्लश्टाट मला अस्वस्थ करतो. त्याने मागितलेलं बरंचसं पुढे लूथरनेच केलं, पण त्याचं लिखाण दडपलं गेलं आणि १५२४मध्ये त्याला सॅक्सनीतून हद्दपार केलं गेलं. विधीत भाकर डोक्यावर उंचावून दाखवायची प्रथा त्याला खटकत असे. लूथरलाही ती बंद करायची होती. पण १५२५मध्ये त्याने लिहूनच टाकलं की या उतावळ्यांना न जुमानण्यासाठी आता तूर्त तरी ती बंद करणार नाही. कार्लश्टाट १५४१च्या डिसेंबरात बाझेलला वारला. विटेनबर्गमध्ये ती प्रथा बंद झाली १५४२मध्ये. त्या वर्षांतला दुबळ्यांसाठीचा धीर किती आणि जुन्या सहकाऱ्यावरचा राग किती, हे लूथरलाही वेगळं काढता आलं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

(पुढच्या आठवड्यात : सामाईक निधीचा हिशेब कोण ठेवणार?)