विणलेलें विमान : वेलिंग्टन

आपल्या खानदेशांतील बुरूड टोपली विणतो. तिची एखादी कामटी तुटली, तरी टोपली मोडत नाहीं. भार शेजारच्या कामट्या उचलतात. दुसऱ्या महायुद्धांतील वेलिंग्टन या दोन एंजिनांच्या बाँबफेकी विमानाची रचना कांहींशी अशीच होती. बार्न्स वॉलिस या इंग्रज शिल्पज्ञानें हलक्या धातूच्या पट्ट्या तिरप्या गुंफून त्याचा सांगाडा केला व त्यावर कापड ताणून बसविलें. १५ जून १९३६ रोजीं तें प्रथम उडालें. पुढें अशीं ११,००० हून अधिक विमानें बांधलीं गेलीं.

नांवाचा संबंध मात्र आपल्या भूमीशीं आहे. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे असई येथें १८०३ सालीं शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली हाच पुढें वेलिंग्टनचा ड्यूक झाला. १९४३ च्या अखेरीस हीं विमानें मुंबईजवळ सांताक्रूझ येथें आलीं व अरबी समुद्रावर शत्रूच्या पाणबुड्यांवर पहारा करूं लागलीं.

तोफांच्या माऱ्यानें कापड फाटलें, पट्ट्या तुटल्या, तरी कित्येक वेलिंग्टन विमानें आंतील पांच-सहा माणसांसह सुखरूप परतलीं. पुष्कळ परतलींही नाहींत. आणि ज्या नगरांवर त्यांचे बाँब पडले, तेथील घरांना सांवरून धरणारी अशी वीण नव्हती, हेंही आपण विसरूं नये.