दाढ दुखण्यापूर्वी

ग्रामीण भागात दंतवैद्याकडे जाण्याचा प्रसंग बहुधा दाढ ठणकू लागल्यावरच येतो. तोवर लवंग किंवा एखादी वेदनाशामक गोळी यांवर निभावले जाते. परंतु दाढ ठणकते, तेव्हा कीड बहुधा वरचे कठीण आवरण पोखरून आतील मज्जेजवळ पोहोचलेली असते. मग उपचार खर्चाचे होतात आणि दात काढून टाकणे हाच सोपा मार्ग वाटू लागतो. दंतरक्षणाचे खरे कार्य या वेदनेच्या पुष्कळ आधी, घरात आणि शाळेत व्हावयास हवे.

कीड म्हणजे काय?

'कीड' हा शब्द रूढ असला, तरी दातात किडा नसतो. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दातांतील खनिजे विरघळतात. ही झीज लाळ काही अंशी भरून काढते. मात्र गोळ्या, बिस्किटे, गोड चहा असे दिवसभर चालू राहिल्यास लाळेला उसंत मिळत नाही. म्हणून गोड किती खाल्ले, याइतकेच ते किती वेळा खाल्ले, हेही महत्त्वाचे ठरते.

सहाव्या वर्षाची दाढ

मुलांच्या बाबतीत एक गैरसमज विशेष हानिकारक आहे. साधारणतः सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी दुधाचा कोणताही दात पडत नाही. त्यामुळे तीही दुधाचीच आहे, पुढे पडेल, असे समजून पालक दुर्लक्ष करतात. वस्तुतः या चार दाढा जन्मभराच्या सोबती होत. त्यांच्या खोल खाचांत अन्नकण अडकतात. या खाचा बुजविणारा लेप दंतवैद्य लावू शकतात. पहिलीच्या वर्गशिक्षकांनी पालकसभेत एवढी एकच गोष्ट समजावून सांगितली, तरी अनेक दाढा वाचतील.

मशेरीचा विळखा

भाजलेल्या तंबाखूची मशेरी अनेक घरांतून, विशेषतः स्त्रियांमध्ये, दंतमंजन म्हणून वापरली जाते. तिने दातांचे रक्षण होत नाही. उलट तंबाखूचे व्यसन जडते आणि मुखकर्करोगाचा धोका वाढतो. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड उघडण्यास होणारा त्रास आढळल्यास विनाविलंब तपासणी करून घ्यावी.

गावाने काय करावे?

सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे, हा मूलभूत नियम होय. तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरेशी असते. हिरड्यांतून रक्त येते म्हणून घासणे थांबवू नये. ती बहुधा अस्वच्छतेचीच खूण असते.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांच्या दातांची तपासणीही अंतर्भूत आहे. मात्र तपासणीनंतर नाव केवळ नोंदवहीत राहिले, तर तिचा उपयोग काय? उपचारासाठी पाठविलेले मूल रुग्णालयात पोहोचले की नाही, याची विचारणा शिक्षकांनी करावी. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस 2003 च्या कायद्याने बंदी आहे; तिच्या पालनाकडे ग्रामपंचायत सदस्यांनी लक्ष द्यावे.

दात दुखत नाही, याचा अर्थ तो निरोगी आहे असा नव्हे. ही जाणीव घरोघरी रुजली, तर पुढील पिढीच्या मुखातील दात वार्धक्यापर्यंत साथ देतील.