दौंडची गाडी, शिरूरची एसटी आणि गतीचे आलेख

नववीच्या वर्गात गतीचे आलेख शिकवून झाले, की एक प्रश्न जरूर विचारून पाहावा. फळ्यावर दोन अक्ष काढावेत, पण त्यांना नावे देऊ नयेत. मग एक रेषा काढावी. ती आधी वर चढते, काही काळ आडवी जाते आणि शेवटी खाली येते. ‘गाडी कशी गेली?’ असे विचारले, की पुष्कळ मुले सांगतात, ‘घाट चढली, सपाटीवर चालली, मग घाट उतरली.’

याच मुलांना वेगाची व्याख्या तोंडपाठ असते, सूत्रात आकडे घालून उत्तरही काढता येते. अडते ते आलेख वाचताना. आलेख म्हणजे रस्त्याचे चित्र, अशी त्यांची समजूत झालेली असते. ‘अक्षांवर काय आहे?’ असा उलट प्रश्न फार थोडी मुले विचारतात. तो विचारण्याची सवय लागली, तर हा धडा निम्मा झालाच म्हणायचा.

या सवयीसाठी पुणे जिल्ह्यातील दोन गावे आपल्या उपयोगी पडतील. दौंडला आगगाडी आहे. शिरूरला ती नाही, तेथे एसटी आहे. आगगाडीवरून अंतर-काल आलेख समजून घेऊ आणि एसटीवरून वेग-काल आलेख.

दौंड : रेषेचा चढ म्हणजे वेग

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला लोहमार्ग १८५८ साली दौंडवरून पुढे गेला. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग झाला आणि दौंड जंक्शन बनले. अशा ठिकाणच्या गाड्या एकमेकींच्या आड येऊ नयेत म्हणून रेल्वेच्या नियंत्रण कक्षात एक तक्ता ठेवतात. एका अक्षावर वेळ आणि दुसऱ्या अक्षावर अंतराच्या प्रमाणात मांडलेली स्थानके. प्रत्येक गाडीची एक रेषा. पूर्वी ही रेषा हाताने काढत, आता ती संगणकाच्या पडद्यावरही दिसते. पण ती असते आपल्या पाठ्यपुस्तकातलाच अंतर-काल आलेख! एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये एतियेन-ज्यूल मारे यांनी पॅरिस ते ल्यों मार्गावरील गाड्यांचा असाच आलेख प्रसिद्ध केला होता.

पुणे ते दौंड हे अंतर सुमारे ७५ कि.मी. आहे. वाटेत हडपसर, लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस अशी स्थानके लागतात. समजा, एक सावकाश गाडी सकाळी ७ वाजता पुण्याहून निघाली आणि तिची सरासरी चाल ताशी ४५ कि.मी. आहे. दुसरी जलद गाडी ७.३० वाजता निघाली, तिची चाल ताशी ७५ कि.मी. (या वेळा वेळापत्रकातील नाहीत, गणिताच्या सोयीसाठी घेतल्या आहेत.) आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर पुण्यापासूनचे अंतर घेऊन दोन्ही रेषा मुलांना काढू द्याव्यात. दुसरी रेषा अधिक उभी येईल. तेवढ्याच वेळात जास्त अंतर म्हणजे जास्त चढ, आणि जास्त चढ म्हणजे जास्त वेग. पहिली गाडी स्थानकात थांबते तेथे रेषा आडवी होते, कारण वेळ जातो पण अंतर वाढत नाही.

या दोन रेषा सव्वाआठ वाजता, पुण्यापासून ५६ कि.मी.च्या थोडे पुढे एकमेकींना छेदतात. याचा अर्थ काय, हे मुलांना विचारावे. एकाच वेळी दोन्ही गाड्या एकाच ठिकाणी आहेत! तेथे स्थानक असेल, तर सावकाश गाडी बाजूच्या रुळावर घेता येईल. नसेल, तर तिला आधीच्या एखाद्या स्थानकावर थांबवून ठेवावे लागेल. पॅसेंजर का रखडते, याचे उत्तर पुष्कळदा या छेदनबिंदूत असते.

दौंडहून पुण्याकडे येणाऱ्या गाडीची रेषा खाली उतरत येते. चढ ऋण आहे, म्हणजे वेगाची दिशा उलट आहे. रेषा घाट उतरत नाही, गाडी परत येते आहे. पुणे-दौंड मार्ग दुहेरी असल्याने समोरासमोरच्या गाड्यांच्या रेषा कोठेही छेदल्या तरी चालतात. दौंड-मनमाड मार्ग मात्र दीर्घकाळ एकेरी होता. एकेरी मार्गावर अशा रेषा स्थानकातच छेदल्या पाहिजेत. दोन स्थानकांच्या मध्ये छेदल्या, तर तो बिंदू म्हणजे अपघात.

शिरूर : रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे अंतर

राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) गेली. शिरूर याच रस्त्यावर, घोड नदीकाठी आहे. समजा, शिरूर स्थानकातून निघालेल्या बसने ३० सेकंदांत शून्यापासून ताशी ५४ कि.मी. म्हणजे सेकंदाला १५ मीटर इतका वेग घेतला. तो १ मिनिट टिकवला आणि मग १५ सेकंदांत बस थांबली.

आता उभ्या अक्षावर अंतर नाही, वेग आहे. त्यामुळे चढाचा अर्थही बदलतो. वेगातील बदलाचा दर म्हणजे त्वरण. पहिल्या टप्प्यात वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद या दराने वाढला. मधल्या टप्प्यात रेषा आडवी आहे, पण बस उभी नाही. ती एकसमान वेगाने धावते आहे. शेवटच्या टप्प्यात रेषा उतरते, तरी बस मागे येत नाही. ती पुढेच जाते आहे, फक्त तिचे त्वरण ऋण आहे.

बस किती पुढे गेली, हे रेषेखालचे क्षेत्रफळ सांगते. पहिला त्रिकोण २२५ मीटर, मधला आयत ९०० मीटर, शेवटचा त्रिकोण ११२.५ मीटर. एकूण १२३७.५ मीटर. गतीची समीकरणे याच आकृतीतून निघतात. ती घोकण्याआधी मुलांनी हे त्रिकोण मोजलेले असावेत.

ब्रेकचा त्रिकोण

आता ऊसपट्ट्यातल्या मुलांना ठाऊक असलेला प्रसंग घेऊ. रात्रीची वेळ, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली ४० मीटरवर दिसते. मोटारसायकलस्वाराला ब्रेक दाबेपर्यंत १ सेकंद लागतो असे धरू. ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतो.

वेग ताशी ३६ कि.मी. म्हणजे सेकंदाला १० मीटर असेल, तर पहिल्या सेकंदात १० मीटर जातात. मग २ सेकंद ब्रेक, त्रिकोणाचे क्षेत्रफळ १० मीटर. एकूण २० मीटर. स्वार सुखरूप थांबतो.

वेग ताशी ७२ कि.मी. असेल तर? पहिल्या सेकंदातच २० मीटर जातात. ब्रेकच्या त्रिकोणाची उंची दुप्पट आणि पायाही दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट, ४० मीटर. एकूण ६० मीटर हवेत आणि आहेत ४०. ट्रॉलीपाशी पोचताना वेग अजूनही ताशी सुमारे ५१ कि.मी. उरलेला असतो. वेग दुप्पट म्हणजे धोका दुप्पट, असे मुलांना वाटते. त्रिकोण मात्र वेगळेच सांगतो.

मैदानावर करून पाहा

मैदानावर चुन्याने ५० मीटरची सरळ रेषा आखावी. दर १० मीटरवर एक विद्यार्थी घड्याळ घेऊन उभा करावा. शिट्टी वाजताच सर्वांनी घड्याळे सुरू करावीत आणि सायकलस्वाराने निघावे. तो समोरून जाताच प्रत्येकाने आपले घड्याळ थांबवावे. मिळालेल्या पाच वेळांवरून अंतर-काल आलेख काढावा. सुरुवातीला रेषा वक्र येते, कारण सायकल वेग घेत असते. हाच प्रयोग चालणाऱ्या मुलावर केला, तर रेषा जवळजवळ सरळ येते.

यानंतर फळ्यावरचा पहिला आलेख पुन्हा दाखवावा. उभ्या अक्षावर अंतर असेल, तर गाडी गेली, थांबली आणि परत आली. वेग असेल, तर गाडीने वेग घेतला, तो टिकवला आणि कमी केला. या वेळी मुलांनी उत्तर देण्याआधी ‘सर, अक्षावर काय आहे?’ असे विचारले, तर आलेख त्यांना समजू लागला आहे असे खुशाल समजावे.