ओफीर, सोपारा आणि एक ‘स’

शलमोन राजाला सोने पुरवणारे ओफीर म्हणजे आपले नालासोपारा, असे अनेकदा ठामपणे सांगितले जाते. ऐकायला गोड वाटते. पण हा दावा मुख्यतः एका ‘स’वर उभा आहे, आणि मूळ हिब्रू नावात ‘स’ नाहीच.

‘ओफीर’ची सुरुवात आलेफ या अक्षराने होते. बायबलमधील ‘राजे’ या ग्रंथात शलमोन आणि हिराम यांचे खलाशी तिथून ४२० किक्कार सोने आणतात. काहींनी हे नाव ‘अफार’ म्हणजे धूळ या शब्दाशी जोडले आहे. मात्र त्या शब्दाच्या आरंभी आयिन हे वेगळे अक्षर आहे. ईयोबाच्या ग्रंथात दोन्ही शब्द एकाच ओळीत येतात खरे, पण तो शब्दांचा खेळ, व्युत्पत्ती नव्हे. शिवाय तिथे ‘ओफीर’चा अर्थ चक्क सोने असा आहे. गावाचे नाव मालाला मिळाले, पैठणच्या पैठणीसारखे.

मग ‘स’ आला कुठून? इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सुरू झालेल्या बायबलच्या ग्रीक भाषांतरातून. त्यात ‘सोफीर’सारखी रूपे आहेत. इकडे संस्कृतात शूर्पारक, पालीत सुप्पारक, नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात शोर्पारग. भाषांतरकारांच्या कानावर खलाशांकडून आपल्या बंदराचे नाव गेले असावे, असा माझा तर्क आहे.

सोपाऱ्याचे प्राचीनत्व निर्विवाद आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना तिथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पण तो तिसऱ्या शतकातला आणि शलमोन दहाव्या. मध्ये सातशे वर्षे! ‘उत्पत्ती’ या ग्रंथातील वंशावळीत ओफीर हे नाव शबा आणि हवीला यांच्या मध्ये येते. शबा दक्षिण अरबस्तानातले, म्हणून माझा कल तिकडेच आहे.

मी तुर्भ्यात राहतो. खाडीपलीकडेही तुर्भेच आहे, ज्याला इंग्रजीत ट्रॉम्बे म्हणतात. एका नावाची दोन गावे समोरासमोर, आणि त्यातल्या एकाची परक्या जिभेवर ओळखू न येणारी तऱ्हा. तेव्हा केवळ नाव जुळले म्हणून गाव ठरवायला मी तयार नाही.

आजच्या तेल अवीवमधील तेल कसीले इथे इ. स. पूर्व आठव्या शतकातील एक खापर मिळाले. त्यावर ओफीरच्या सोन्याची तीस शेकेलची नोंद आहे. तिथेही नावाची सुरुवात आलेफनेच होते.